संग्रामपूरच्या नवख्याने जिम लावावी का? कशाला घाबरायचं आणि कशाला नाही

२२ सप्टेंबर २०२५ पासून जिमच्या फीवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. बातमी येताच "आता जिम स्वस्त झाली" अशा पोस्ट सगळीकडे फिरल्या. पण बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूरसारख्या तालुक्याच्या गावात एखाद्या बावीस वर्षांच्या मुलाला किंवा चाळिशीतल्या ताईंना विचारून बघा, "जिम का लावली नाही?" पैशाचं कारण नंतर येतं. आधी उत्तर मिळतं, "तिथं सगळे बॉडीवाले असतात. आपल्याला काही जमत नाही. लोक हसतील."

ही भीती खरी आहे, ती बऱ्याच जणांना वाटते आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण प्रश्न असा आहे, की ही भीती बाजूला ठेवून जिम लावली तर फायदा होतो का? आणि संग्रामपूरसारख्या भागात, जिथे किडनीच्या आजाराची चर्चा घराघरात आहे, तिथे जिम लावताना काय जपायला हवं?

थोडक्यात उत्तर असं: बहुतेक नवख्यांसाठी जिम फायद्याची आहे. पण आपण लोकांच्या नजरेला घाबरतो आणि वर्षाची फी, पहिल्याच आठवड्यातला अतिरेक आणि डब्यातली पावडर या तीन गोष्टींबाबत मात्र बिनधास्त असतो. काळजी या तिघांची घ्यायला हवी. कशी, ते एकेक करून बघू.

जीएसटी कमी झाला, मग फी कमी होणार का?

मोठ्या शहरातल्या मोठ्या जिममध्ये होऊ शकते. १,००० रुपयांच्या फीवर आधी १८० रुपये कर लागायचा, आता ५० रुपये लागतो. पण यात एक मेख आहे. ५ टक्के कर लावणाऱ्या जिमला मशीन, भाडं अशा खर्चावर भरलेल्या जीएसटीची वजावट मिळत नाही. तो बोजा मालकावर राहतो, त्यामुळे सगळी सूट ग्राहकापर्यंत पोहोचेलच असं नाही.

लहान गावात तर गणितच वेगळं आहे. महाराष्ट्रात सेवा देणाऱ्या व्यवसायाची वर्षाची उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असेल, तर साधारणपणे जीएसटी नोंदणीच लागत नाही. तालुक्याच्या गावातली एका हॉलची जिम बहुतेक वेळा या मर्यादेच्या आतच असते. तिथे कर आधीही नव्हता, आताही नाही. म्हणून कोणी "जीएसटी कमी झाला, ऑफर आहे, वर्षाचे भरून टाका" म्हणालं, तर आधी पावती बघायला मागा.

सगळे खरंच आपल्याकडे बघत असतात का?

अमेरिकेत २००० साली मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी एक मजेशीर प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा, एका गायकाचं चित्र असलेला टी-शर्ट घालायला लावून इतर मुलं बसलेल्या खोलीत पाठवलं. नंतर विचारलं, "किती जणांच्या लक्षात आलं असेल?" टी-शर्ट घालणाऱ्यांना वाटलं, जवळजवळ निम्म्यांच्या. प्रत्यक्षात साधारण चौथ्या हिश्श्याच्याच लक्षात आलं होतं. आपल्यावर सतत कोणाची तरी नजर आहे, असं आपल्याला खऱ्यापेक्षा दुप्पट वाटतं.

जिममध्ये हे आणखीच लागू पडतं. तिथला प्रत्येकजण आरशात स्वतःलाच बघत असतो किंवा सेट मोजत असतो.

अर्थात, गाव लहान असलं की एक फरक पडतो. पुण्यात तुम्हाला कोणी ओळखत नाही, संग्रामपुरात समोरचा तुमच्या चुलतभावाचा वर्गमित्र निघतो. "काय भाऊ, लग्न जमलं काय?" असा टोमणा येऊ शकतो. पण याच ओळखीचा फायदाही होतो. मोठ्या शहरात नवखा महिनाभर एकटाच फिरतो. इथे दुसऱ्या दिवशी कोणीतरी "अरे, पाठ सरळ ठेव" म्हणून सांगायला येतं. पहिले आठ दिवस गर्दीची वेळ टाळा. संध्याकाळी सहा ते आठ सहसा सगळ्यात जास्त गर्दी असते. दुपारी किंवा पहाटे गेलात तर मशीनही मोकळी मिळतात आणि ट्रेनरलाही शिकवायला वेळ असतो.

दिवसभर वावरात राबतो, मग जिम कशाला?

हा प्रश्न आपल्या भागात हमखास विचारला जातो आणि तो बरोबरही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम स्वरूपाची हालचाल करावी, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरदार. शेतातलं काम, पायी चालणं, सायकल, पाणी भरणं हे सगळं यात धरलं जातं. रोज निंदण, फवारणी, कापूस वेचणी करणाऱ्या माणसाला हालचाल कमी पडते, असं कोणी म्हणणार नाही.

पण त्याच मार्गदर्शनात दुसरीही एक ओळ आहे: आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम. शेतीकामात ठरावीकच हालचाली पुन्हा पुन्हा होतात. वाकून वाकून कंबर भरून येते, पण पाठीचे आणि मांड्यांचे स्नायू त्या मानाने तयार होत नाहीत. शिवाय काम हंगामी असतं.

आणि सगळेच कुठे वावरात जातात? दुकानाच्या गल्ल्यावर बसणारा, ऑनलाइन सेवा केंद्र चालवणारा, अभ्यासिकेत दहा तास बसणारा, दिवसभर शिलाई मशीनवर काम करणारी, या सगळ्यांचं बसणं शहरातल्या माणसाइतकंच आहे. २०२४ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत. पुरुषांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के आहे, तर महिलांत ५७ टक्के. आयसीएमआरच्या २०२३ मधल्या अभ्यासाने देशात सुमारे १० कोटी मधुमेही असल्याचं सांगितलं. तेव्हा जिम म्हणजे फक्त दंड फुगवण्याची जागा नाही. साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवायला ताकदीच्या व्यायामाची मदत होते.

पैसे वाया जातात ते कुठे?

नवखा माणूस पहिल्या दिवशी जोशात असतो. नेमक्या त्याच वेळी त्याला वर्षाचं पॅकेज दाखवलं जातं.

स्टेफानो डेलाविन्या आणि उल्रिके माल्मेंडियर या दोन अर्थतज्ज्ञांनी २००६ साली अमेरिकेतल्या तीन हेल्थ क्लबमधल्या ७,७५२ सभासदांच्या नोंदी तपासल्या. दर महिन्याला ७० डॉलरहून जास्त ठरावीक फी भरणारे लोक महिन्यातून सरासरी ४.३ वेळाच जात होते. म्हणजे एका खेपेला त्यांना १७ डॉलरहून जास्त पडत होते. त्याच क्लबमध्ये १० खेपांचा पास घेतला असता, तर एक खेप १० डॉलरला पडली असती. हे सगळं का झालं? कारण फी भरताना प्रत्येकाला वाटत होतं, की आपण भरपूर वेळा जाणार.

हेच गणित आपल्याकडे मांडून बघा. समजा, महिन्याचे ६०० रुपये आणि वर्षाचे एकदम ५,००० रुपये आहेत. कागदावर वर्षाचं पॅकेज २,२०० रुपयांनी स्वस्त दिसतं. पण तुम्ही दोनच महिने गेलात, तर महिन्याच्या हिशेबाने १,२०० रुपयांत जे झालं असतं त्याला ५,००० रुपये गेले. वर्षाचं पॅकेज फायद्यात पडायला तुम्हाला किमान नऊ महिने टिकावं लागेल. पेरणी, कापूस वेचणी, लग्नसराई आणि परीक्षा धरून नऊ महिने टिकणार का, याचं उत्तर आज कोणालाच देता येत नाही. म्हणून पहिले तीन महिने दर महिन्यालाच फी भरा. सवय लागली की मग मोठं पॅकेज घ्यायला हरकत नाही.

सवय लागायला किती दिवस लागतात? कॅनडात नव्या जिम सभासदांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आठवड्यातून किमान चार वेळा असं सहा आठवडे गेल्यावर सवय पक्की होताना दिसली. म्हणजे पहिला दीड महिनाच कठीण असतो. आणि मधे खंड पडला तर? २०२१ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या, अमेरिकेतल्या ६१ हजारांहून जास्त जिम सभासदांवरच्या अभ्यासात पन्नासहून जास्त युक्त्या करून बघितल्या गेल्या. सगळ्यात चांगली चालली ती ही: चुकलेल्या दिवसानंतर परत आलात, की छोटंसं बक्षीस. ते बक्षीस काही पैशांचंच होतं. तेव्हा पोळ्याला चार दिवस बुडाले म्हणून सोडून देऊ नका. पाचव्या दिवशी परत जाणं हीच खरी परीक्षा आहे.

संग्रामपूरसाठी सगळ्यात महत्त्वाचं: किडनी

आता त्या मुद्द्याकडे येऊ, जो पुण्या-मुंबईच्या फिटनेस रील्समध्ये तुम्हाला सापडणार नाही.

पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. इथलं जमिनीखालचं पाणी क्षारांनी भरलेलं आहे. संग्रामपूर आणि शेजारच्या जळगाव जामोद तालुक्यातल्या गावांमधून किडनीच्या रुग्णांच्या बातम्या अनेक वर्षं येत आहेत. गोडं पाणी मिळावं म्हणून वान धरणावरून या दोन तालुक्यांसाठी १४० गाव पाणीपुरवठा योजना आखली गेली, त्यामागेही हीच पार्श्वभूमी होती. क्षारयुक्त पाणी, ऊन, कीटकनाशकं, पोटात सतत जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्या यांपैकी कशाचा वाटा किती, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. पण किडनीच्या आजाराचा एक गुण सगळे मान्य करतात. सुरुवातीला तो काहीच लक्षणं दाखवत नाही.

याचा जिमशी संबंध तीन ठिकाणी येतो.

पहिला, अतिरेक. नवख्याने पहिल्याच दिवशी शंभर-दोनशे बैठका मारल्या किंवा ट्रेनरने "मर्द आहेस ना?" म्हणून वजन वाढवत नेलं, तर स्नायू प्रमाणाबाहेर तुटू शकतात. त्यातून रक्तात उतरणारा मायोग्लोबिन हा घटक किडनीला इजा करतो. याला ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात. उन्हाळ्यात, पत्र्याच्या शेडमध्ये, पाणी कमी पिऊन व्यायाम केला तर धोका वाढतो. व्यायामानंतर एक-दोन दिवसांत स्नायू प्रचंड सुजले, दुखले आणि लघवी गडद तपकिरी, कोलासारखी झाली, तर घरगुती उपाय करत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

दुसरा, गोळ्या. अंग दुखतं म्हणून मेडिकलमधून वेदनाशामक गोळी घ्यायची आणि पुन्हा व्यायामाला जायचं, ही सवय किडनीसाठी वाईट आहे. नव्या व्यायामानंतर एक ते तीन दिवस अंग दुखणं नैसर्गिक आहे आणि ते आपोआप जातं. गोळी खाल्ल्याशिवाय दुसऱ्या दिवशी जाता येत नसेल, तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजा.

तिसरा, पावडर.

प्रोटीनचा डबा घ्यावा का?

पहिल्या तीन महिन्यांत अजिबात गरज नाही. आयसीएमआरच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये दिलेल्या आहार मार्गदर्शनात शरीर कमावण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट टाळावीत, असंच सांगितलं आहे. दीर्घकाळ मोठ्या प्रमाणात घेतल्यास हाडं आणि किडनीला धोका असल्याचा इशाराही त्यात आहे. निरोगी किडनीला थोड्या जास्त प्रोटीनने लगेच काही होत नाही. पण आपली किडनी निरोगी आहे की नाही, हेच तपासलेलं नसेल तर?

भेसळीचा प्रश्न वेगळाच. केरळमधल्या डॉक्टरांच्या गटाने भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन सप्लिमेंट तपासल्या. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सुमारे ७० टक्के डब्यांवर लिहिलेलं प्रोटीनचं प्रमाण आतल्या मालाशी जुळत नव्हतं. काहींत बुरशीचं विष आणि कीटकनाशकांचे अंशही सापडले.

आणि प्रोटीन तर आपल्या वावरातच पिकतं. आयसीएमआरच्या हिशेबाने सामान्य प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रोटीन पुरतं. ६० किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. १०० ग्रॅम कोरड्या तूरडाळीत साधारण २२ ग्रॅम, हरभऱ्यात २० च्या आसपास, शेंगदाण्यात २५ च्या आसपास आणि एका अंड्यात ६ ग्रॅम असतं. भिजवलेला हरभरा, मूठभर शेंगदाणे, दोन अंडी किंवा एक ग्लास दूध, घट्ट वरण आणि भाकर एवढं रोज पोटात गेलं, तरी नवख्याचं काम भागतं. किडनीचा आजार आधीच असेल, तर मात्र प्रोटीन किती खायचं हे डॉक्टरच ठरवतील.

म्हणून जिमची पहिली फी भरायच्या आधी रक्तदाब, रक्तातली साखर, क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी करून घ्या. जवळच्या सरकारी दवाखान्यात चौकशी करा. एक लक्षात ठेवा, जोरदार व्यायामानंतर लगेच किंवा क्रिएटिन पावडर चालू असताना क्रिएटिनिन थोडं वाढलेलं येऊ शकतं. तसं काही असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

आणि ते हार्ट अटॅकचे व्हिडिओ?

ऑगस्ट २०२२ मध्ये विनोदी कलाकार राजू श्रीवास्तव दिल्लीच्या जिममध्ये कोसळले आणि सप्टेंबरमध्ये त्यांचं निधन झालं. त्यानंतर असे व्हिडिओ थांबलेले नाहीत. आयसीएमआरने १८ ते ४५ वयोगटातल्या अचानक मृत्यूंचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. कुटुंबात अचानक मृत्यूचा इतिहास, कोविडमुळे दवाखान्यात भरती व्हावं लागलेलं असणं, मृत्यूआधीच्या ४८ तासांत भरपूर दारू, नशा किंवा नेहमीपेक्षा खूप जोराचा व्यायाम, या गोष्टींशी धोका जोडलेला दिसला. कोविड लसीमुळे धोका वाढल्याचं दिसलं नाही.

याचा अर्थ जिम सोडा असा नाही. घरात कोणाचा कमी वयात हृदयविकाराने मृत्यू झाला असेल, छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करा. रात्री पार्टी आणि सकाळी जड वजन, हे तर कोणीच करू नये.

पोलीस भरतीसाठी जिम?

आपल्याकडची बरीच मुलं जिम लावतात ती भरतीसाठी. इथे हिशेब नीट बघा. पोलीस शिपाई पदाच्या मैदानी चाचणीला ५० गुण आहेत. मुलांसाठी १,६०० मीटर धावणे २० गुण, १०० मीटर १५ आणि गोळाफेक १५. मुलींसाठी १,६०० ऐवजी ८०० मीटर. म्हणजे ५० पैकी ३५ गुण पळण्यावर आहेत. ते मैदानावर मिळतात. जिमचा उपयोग आहे, पण आठवड्यातून दोन दिवस पाय, पोट आणि खांद्यांच्या ताकदीपुरता. नुसते दंड वाढवून वजन वाढवलंत, तर १,६०० मीटरला तेच वजन आडवं येतं.

ताई, काकूंनी काय करावं?

महिलांची भीती फक्त "हसतील" एवढी नसते. कोण बघतं, कोण फोटो काढतं, घरी काय सांगायचं, हे सगळं त्यात येतं आणि त्यातलं बरंच रास्त असतं. म्हणून फी भरायच्या आधी चार गोष्टी विचारा: महिलांची वेगळी बॅच आहे का, त्या वेळेत पुरुष आत येतात का, मोबाइलवर शूटिंगला मनाई आहे का, शिकवायला बाई आहे का. उत्तरं पटली नाहीत तर जाऊ नका. आणि शक्यतो एकटीने जाण्यापेक्षा मैत्रिणीला किंवा जावेला सोबत घ्या. वजन उचललं की बायकांचं शरीर पुरुषी होतं, हा गैरसमज आहे. उलट वय वाढल्यावर ठिसूळ होणाऱ्या हाडांसाठी ताकदीचा व्यायाम उपयोगाचा आहे.

जिम जवळ नसेल किंवा मन धजत नसेल तर?

आपल्या भागाला व्यायामाची परंपरा नवी नाही. शेजारच्या अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. जोर, बैठका आणि सूर्यनमस्कार यांना फी लागत नाही. गावात सरकारी निधीतून बसवलेली खुली व्यायामशाळा असेल, तर तीही वापरा. क्रीडा विभागाची व्यायामशाळा विकासासाठी अनुदान योजनाही आहे. ग्रामपंचायत किंवा मंडळाने जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात तिची चौकशी करावी.

घरीच सुरुवात करायची असेल तर महिनाभर भिंतीला टेकून जोर, खुर्चीवरून उठबस आणि अर्धा तास भरभर चालणं करा. महिन्याने जिमच्या दारात उभं राहाल, तेव्हा "आपल्याला काही जमत नाही" हे वाक्य खरं राहिलेलं नसेल.

पहिला महिना कसा असावा?

• आधी तपासणी, मग फी. फी एकाच महिन्याची, पावतीसह.
• भरायच्या आधी एक दिवस नुसतं बघायला जा. नकार देणारी जिम सोडा.
• सुरुवातीला आठवड्यातून तीन दिवस, ४० मिनिटं पुरे. बाकी दिवस चालणं. अंग रुळलं की दिवस वाढवा.
• १२ ते १५ वेळा नीट उचलता येईल एवढंच वजन. शेवटी अजून दोन-तीन वेळा जमलं असतं असं वाटायला हवं.
• पाण्याची बाटली सोबत, उन्हाळ्यात व्यायाम पहाटे.
• पावडर, इंजेक्शन, "शॉर्टकट" काहीही सुचवणाऱ्या ट्रेनरला नम्रपणे नकार.
• छातीत दुखणं, चक्कर, गडद लघवी यांपैकी काहीही झालं तर व्यायाम बंद आणि डॉक्टर.

महिनाभरात दंड फुगणार नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो. पण जिना चढताना दम कमी लागेल, झोप बरी लागेल आणि ज्या मशीनला हात लावायला घाबरत होता तिच्यावर तुम्ही बसलेले असाल. एवढं झालं तर दुसऱ्या महिन्याची फी भरा. नाही झालं, तर एका महिन्याच्या फीवर विषय संपला.

आणि दुसऱ्या महिन्यात दारात कोणी नवखा बिचकत उभा दिसला, तर त्याला आत बोलवा. पहिल्या दिवशी तुम्हाला तेच हवं होतं.